आमच्या मार्क्याच्या पेट्या

वायदेबाजारावरचा सिनेमा टीव्हीवर लागला की मी उठून स्वयंपाकघरात जाते. भाचा हसतो. त्याला वाटतं, मावशीला इंग्रजी कळत नाही म्हणून कंटाळा येतो. मी जन्मभर शाळेत इंग्रजीच शिकवलं हे तो सोयीस्कर विसरतो. बरं, कळत नाही असं समजू दे. खरं कारण सांगण्यापेक्षा ते बरं.

ह्या सिनेमांत एक गोष्ट कधी दाखवत नाहीत, ती म्हणजे माल. गव्हाचे सौदे होतात, कापसाचे होतात, माणसं ओरडतात, दिवाळखोर होतात, उंच इमारतीच्या गच्चीवर जाऊन उभी राहतात. पण पोतंभर गहू काही पडद्यावर येत नाही. पुस्तकांचंही तेच. त्या विषयावरची पुस्तकं आमच्या घरात होती, अजून दोन आहेत. त्यांत रेषा आहेत, बाण आहेत, यशस्वी माणसाने सकाळी किती वाजता उठावं तेही आहे. मालाबद्दल शेवटी शेवटी एक प्रकरण होतं. ते आम्ही वाचलं नाही.

हे वेड आमच्याकडे आलं ते शेजारच्या चाचांच्या व्हिडिओमुळे. ऐंशीनंतरची वर्षं. आमचं घर रत्नागिरी शहराच्या जरा बाहेर, घरामागे चढावर सासऱ्यांची, म्हणजे मामंजींची, आंब्याची कलमं. गडग्यापलीकडे, म्हणजे दगडी कुंपणापलीकडे, चाचांचं घर. त्यांची बाग मात्र लांब, समुद्राच्या अंगाला होती. चाचांचा थोरला मस्कतला नोकरीला. तो सुट्टीवर येताना व्हिडिओ घेऊन आला आणि पिशवीभर कॅसेटी, बहुतेक न बघताच आणलेल्या. रविवारी दुपारी आम्ही सगळे त्यांच्या दिवाणखान्यात सतरंजीवर बसायचो. इंग्रजी सिनेमा असला की आमचे हे सगळ्यांना मराठीत समजावून सांगायचे. कचेरीत कारकुनी करणाऱ्या माणसाला एरवी कोण विचारतं? तिथे मात्र ह्यांचा शब्द निघेपर्यंत वीस माणसं तोंडाकडे बघत थांबायची.

त्यातल्याच एका कॅसेटीत तो सिनेमा होता. शेतकऱ्याचा मुलगा शहरात जातो, धान्याच्या वायदेबाजारात शिरतो आणि आपल्याकडे नसलेला आगगाडीभर गहू विकतो. मग भाव कोसळतो, तोच गहू तो स्वस्तात विकत घेऊन देणं पुरं करतो, आणि मधला फरक खिशात. म्हातारी आई गहाणातून सुटलेल्या आपल्या शेतावर परत. रंगीत कोट घातलेले लोक बोटं नाचवत ओरडत होते. मी म्हटलं, मिरकरवाड्याच्या जेटीवर मासळीचा लिलाव बघा, हेच आहे, फक्त टाय नाहीत. सगळे हसले. मग इतका वेळ पडद्यावर गहू शोधत बसलेल्या चाचींनी विचारलं, "पण गहू खंय हाय?" त्याला तर लोक पोट धरून हसले. सगळ्यात मोठ्याने मी.

ह्यांनी तो सिनेमा तीनदा बघितला. मग कचेरीच्या कामाला मुंबईला गेले तेव्हा फुटपाथवरून वायद्यावरची तीन-चार पुस्तकं आणली. त्यातल्या एकात एक सिस्टीम होती. भावाची रोजची रेघ काढायची, तिच्यावर सरासरीच्या दोन रेषा काढायच्या, एक लवकर वळणारी आणि एक सावकाश वळणारी. पहिली रेषा दुसरीला कापून खाली उतरली की विकायचं, वर चढली की घ्यायचं. मनाचं ऐकायचं नाही, रेषेचं ऐकायचं. हे पुस्तकात जाड अक्षरांत होतं.

आता रत्नागिरीत कसला वायदेबाजार? पण घरात एका पत्र्याच्या ट्रंकेत मुंबईच्या दलालाकडून आलेल्या बऱ्याच वर्षांच्या पट्ट्या होत्या. कुठल्या तारखेला आपल्या पेटीला काय भाव मिळाला ते त्यांवर. मी आलेखाचे कागद आणले, रंगीत पेन्सिली आणल्या. संध्याकाळी चहा झाला की आम्ही दोघं ओटीवर पसरून बसायचो. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटायचं. लग्नाला सहा-सात वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, आणि नवरा-बायकोने मिळून करायचं असं एक काम पहिल्यांदाच घरात आलं होतं. मी शाळेच्या स्टाफरूममध्येसुद्धा मिरवलं, की आमच्याकडे संशोधन चाललंय.

संशोधनाचा निष्कर्ष असा निघाला की आंब्याचा भाव सुरुवातीला चढा असतो आणि उन्हाळा सरत जातो तसा उतरतो. हे आमच्या बागेतल्या गड्यालाही ठाऊक होतं. पण त्याच्याकडे आलेख नव्हता ना.

मामंजी हे सगळं बघत. काही म्हणत नसत. एकदा फक्त कागदावर वाकून म्हणाले, "ही तांबडी रेघ कसली गो?" मी सांगितलं. "बरीच खाली गेली," म्हणाले आणि बागेत गेले. मागून आम्ही हसलो.

त्यांच्याबद्दल थोडं सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. सगळी पंचक्रोशी त्यांना अण्णा म्हणायची. आंब्याच्या पेटीवर बागाईतदाराचा मार्का असतो, पत्र्याच्या छापातून काळ्या रंगाने उमटवलेला. अण्णांचा मार्का म्हणजे एक वर्तुळ आणि त्यात आंब्याचं पान. मुंबईच्या बाजारात दलाल पेटीची फळी उचकटून, पेंढा बाजूला करून आंबा बघतो, वरचा थर चांगला आणि खाली बारका माल असं निघतं म्हणून. वर्तुळातल्या पानाची पेटी कोणी उघडत नसे. ती बघितल्याशिवाय विकली जायची. हे मिळवायला मामंजींना जन्म लागला होता. पेटीतला एकेक आंबा त्यांच्या हातातून जायचा. डाग असलेला नाही, कोवळा नाही, आणि मुख्य म्हणजे आपल्या कलमांशिवाय दुसरं फळ नाही, मग ते कितीही चांगलं असो. एका वर्षी त्यांच्या चुलत भावाने विनवलं होतं की माझ्या दहा पेट्यांवर तुझा छाप मारू दे, आंबा बघून घे. आंबा चांगलाच होता. मामंजी नाही म्हणाले. भाऊ त्यानंतर आमच्या उंबऱ्याला शिवला नाही. मामंजींना त्याचं वाईट वाटायचं, सणावारी ताटावर बसले की दोन घास मागे राहायचे. पण छाप दिला नाही तो नाहीच.

त्या वर्षी शिमगा झाल्यावर दलालाचा माणूस नेहमीसारखा गावोगाव फिरत आला. मामंजी बागेत होते. हे घरी होते. मी चहा टाकला. तो म्हणाला, अक्षय्य तृतीयेच्या आधी मोठं गिऱ्हाईक आहे, अण्णांकडून नेहमीच्या वर आणखी पन्नास पेट्या मिळतील का? ह्यांनी आतून आलेख आणला नाही एवढंच. ठसक्यात म्हणाले, मिळतील, पण भाव आजचा, आत्ताच ठरवायचा. तो माणूस चमकला. असं कोकणात कोणी बोलत नाही. इथे माल पाठवायचा आणि पट्टी येईल तो भाव पदरात घ्यायचा, ही रीत. जरा हो-नाही करून तो कबूल झाला. मग त्याने विचारलं, "अण्णांच्याच मार्क्याच्या ना पण?"

हे थबकले. तेवढ्यात मीच म्हटलं, "आमच्याच हो. आमच्या पेट्या कुठे कोणी उघडून बघतं?"

तो हसला, चहा प्याला आणि गेला. आम्ही दोघं एकमेकांकडे बघून लहान मुलांसारखे हसलो. बेत सरळ होता. तृतीयेच्या आधी भाव उतरणार, रेषा तसंच सांगत होती. मग आजूबाजूच्या बागांतून स्वस्तात आंबा उचलायचा आणि पेट्या भरायच्या. "छाप तर घरातच आहे," हे म्हणाले. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. सिनेमातल्यासारखा गहू तो गहू आणि आंबा तो आंबा, असंच डोक्यात होतं. चुलत सासऱ्यांची गोष्ट मला माहीत होती, तरीही. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी म्हणतात ना, आमच्याकडे भट आणि भटीण बाजारातल्या तुरींवर एकमेकांना शाबासकी देत होती.

पुढे काय झालं ते बागेशी संबंध असलेल्या कोणालाही आधीच कळलं असेल. चैत्रात मळभ धरलं, अवेळी सरी आल्या, कलमांवर तुडतुड्याची कीड पडली. मोहोर काळा पडून गळला आणि धरलेलं फळही पटापट खाली यायला लागलं. सकाळी बागेत गेलं की पायाखाली कैऱ्याच कैऱ्या. आमच्याच नाही, आजूबाजूच्या सगळ्यांच्या. भाव उतरायच्या ऐवजी चढायला लागला. आमची तांबडी रेघ कागदाच्या वरच्या कडेला भिडली, तेव्हा ह्यांनी पेन्सिल ठेवून दिली. मामंजींना सांगू या, मी म्हटलं. सांगतो, हे म्हणाले. रोज सांगतो म्हणाले. मीही रोज फक्त म्हटलंच. मामंजींसमोर बसून सांगायला मला कोणी अडवलं नव्हतं.

तृतीयेला आठवडा राहिला तेव्हा दलालाचा माणूस दारात उभा. मामंजी ओटीवर सुतळी वळत बसले होते. हे आत, मी दारात.

"अण्णा, गुरुवारी ट्रक येतोय. त्या पन्नास पेट्या तयार ठेवा," तो म्हणाला. "तुमच्या मुलानं शिमग्यात कबूल केलेल्या."

मामंजींनी सुतळीवरून नजर काढली नाही. मला वाटलं, आता म्हणतील, मला ठाऊक नाही. तेवढं म्हटलं असतं तर ते सुटले असते. परक्यासमोर मुलाला त्यांनी खोटं पाडलं नाही.

"माझ्या मार्क्याच्या?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे काय. वहिनींनीच तर सांगितलं."

मामंजींनी माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर मी सहन केलं असतं. त्यांनी नुसतं, ऐकलं ते खरं का, असं बघितलं. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत खाली बघत राहिले.

"येतील," ते त्या माणसाला म्हणाले.

तो गेल्यावर त्यांनी ह्यांना हाक मारली. ह्यांनी सगळं सांगितलं. सिनेमा, पुस्तक, सिस्टीम, जगभर असंच चालतं, नसलेला माल विकतात आणि मग बाजारातून घेऊन देतात. सांगता सांगता ह्यांचाच आवाज बसत गेला. मामंजींनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "चुलत्याला तुझ्या मी नाय म्हटलं होतं रे." मला तेव्हा धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

ते बागेत गेले. एकेका कलमाखाली उभे राहून वर बघत फिरले. राहिलेलं फळ थोडं, आणि तेही कोवळं, तयार व्हायला अजून पंधरा दिवस. कोवळा आंबा काढला तर तो पिकत नाही, सुरकुततो आणि आंबट होतो. तो आंबा त्यांनी कधी काढला नव्हता. परत आले, पायांवर पाणी घेतलं, टोपी घातली आणि गडगा ओलांडून चाचांकडे गेले. मामंजी कोणाकडे काही मागायला गेलेले मी पाहिले नव्हते. मी खिडकीतून बघत होते आणि बघू नये असं वाटत होतं.

समुद्राच्या अंगाच्या बागा लवकर तयार होतात. म्हणून चाचांची बाग त्या मळभातून वाचली होती. थोरल्याला मस्कतला पाठवायला आणि घरच्या पाहुण्यांना म्हणून त्यांनी काही कलमं ठेक्याने दिली नव्हती. तोच आंबा त्यांनी दिला. चढलेल्या भावाने पैसे घे म्हणून मामंजींनी हट्ट धरला, चाचांनी शिमग्याच्या भावाचेच घेतले. "मी काय दलाल हाय? तुझी नड ती माझी नड," म्हणाले. मामंजी त्यांना म्हणाले, "पेटीवर तुझं नाव घालू दे." चाचा हसले. "अण्णा, येड्यासारखं काय बोलतंस? माझ्या नावाची पेटी तो घेईल काय? तुझाच छाप मार. आंबा काय तोंड उघडून बाप सांगतो?"

ते खरंच होतं. चाचा बाग दरवर्षी ठेक्याने देऊन टाकत, त्यांच्या फळाला बाजारात नावच नव्हतं.

दोन दिवस अंगणातल्या खळ्यात पेट्या भरल्या. मामंजींनी प्रत्येक आंबा हातात घेऊन बघितला, देठाकडे वास घेतला, पेंढ्यात नीट निजवला. एकही आंबा त्यांना बाजूला काढावा लागला नाही. त्याच कलमांवरचा एक पिकलेला मी चिरून खाल्ला. आमच्यापेक्षा गोड होता. हे मी कोणाला सांगितलं नाही. पेट्यांवर फळ्या ठोकून झाल्या तेव्हा मामंजी उठले, छाप आणि रंगाचा डबा आमच्यासमोर ठेवला आणि विहिरीवर गेले. आम्ही दोघांनी मारला. मी पत्रा धरला, ह्यांनी बोळा फिरवला. ते बराच वेळ परत आले नाहीत. पाणी काढल्याचा आवाजही येत नव्हता.

ट्रक गेला. आंब्याचे पैसे आले तसे चाचांना गेले, पेट्या, पेंढा आणि भाड्याचा तोटा झाला, तो ह्यांनी पगारातून फेडला, त्यात काही सांगण्यासारखं नाही. पुस्तकं माळ्यावर गेली. चाचांकडे रविवारचे सिनेमे चालूच होते, हे जायचे थांबले. मी एकदा गेले, पण चाचींनी माझ्यासाठी पुढची जागा करून दिली तेव्हा मला ते सोसलं नाही. डोकं दुखतंय म्हणून उठून आले.

वैशाख संपता संपता दलालाचा माणूस हिशेबाला आला. चाचा नेहमीसारखे सकाळच्या चहाला आमच्या ओटीवर होते, मामंजींच्या शेजारी बाकावर. मी कप घेऊन बाहेर आले तेव्हा तो माणूस भरभरून बोलत होता. त्या पन्नास पेट्या हातोहात गेल्या, शेठजींनी त्यातली एक स्वतःच्या घरी नेली, त्यांच्या आईने निरोप पाठवला की असा आंबा बऱ्याच वर्षांत खाल्ला नाही. "मी इतकी वर्षं तुमचा माल नेतोय अण्णा, पण यंदाची चव काही वेगळीच. तीच बाग, तीच कलमं. केलंत काय यंदा?"

हे ओटीच्या खांबाला टेकून उभे होते, ते तसेच राहिले. मी ट्रे हातात धरून उभी. त्या आंब्याचा धनी तिथेच बसला होता, बशीत चहा ओतत. त्याच्या फळाची असली तारीफ त्याच्या तोंडावर कोणी कधी केली नसेल, आणि ती दुसऱ्याच्या नावाने चालली होती. मामंजींनी घसा खाकरला. मला अजून वाटतं, ते खरं सांगणार होते. त्यांचं तोंड उघडलं होतं.

"शेणखत जास्त घातलान यंदा," चाचाच पटकन म्हणाले. "मीच सांगितलेलं त्याला. आणि हात हाय हो अण्णाचा, दुसऱ्याला तसा आंबा येतो काय?"

"असं का?" तो माणूस मामंजींकडे वळला. "खरं का अण्णा?"

मामंजींनी आधी ह्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग मान हलवली. होय म्हणून. चाचांकडे काही त्यांना बघता आलं नाही.